चिखल ओला असेपर्यंत

25 जुलै 2024 च्या सकाळी मोबाइलवर एकच व्हिडिओ निरनिराळ्या सात ग्रुपवर आला होता. सोसायटीच्या फाटकातून लष्कराची रबरी होडी आत शिरतेय, होडीत दोन म्हाताऱ्या, एक पोपटाचा पिंजरा आणि जवान. मागे सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी. आम्ही राहतो कर्वेनगरला, म्हणजे मुठेच्या या काठाला. मधे नदी नसती तर एकतानगरी आम्हाला चालत जाण्यासारखी. आदल्या रात्री आमच्या गॅलरीतून फक्त पावसाचा आवाज येत होता आणि मी वाळत घातलेले कपडे आत घेतले, एवढाच त्या रात्रीशी माझा संबंध.

पुणेकराला खडकवासला आठवतं ते पाणीकपातीच्या बातमीत. पण या धरणाची गंमत अशी की वरच्या पानशेत, वरसगावच्या मानाने ते अगदीच लहान आहे. पानशेत साडेदहा टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), वरसगाव पावणेतेरा टीएमसीच्या आसपास आणि खडकवासला जेमतेम दोन. त्यामुळे वर जोराचा पाऊस झाला की ते बघता बघता भरतं आणि आलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. त्या सकाळी विसर्ग 35 हजार क्युसेकवर गेला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. हिशोब मांडला तर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर पाणी. बँकेत आकडे बघून बघून माझी नजर मेलेली आहे, तरी हा आकडा मांडल्यावर मी पेन खाली ठेवलं. लोक म्हणत होते सूचना वेळेवर मिळाली नाही. मिळाली की नाही, कुणी द्यायला हवी होती, यावर पुढे पुष्कळ बोलणं झालं. मला सांगायचंय ते पाणी ओसरल्यानंतरचं.

27 तारखेला चौथा शनिवार होता. बँकेला सुट्टी. लेकीच्या कॉलेजातली पंधरा-वीस मुलं मदतीला निघाली होती. ती म्हणाली, "आई, तू पण चल, तुला मॅनेज करता येतं." मला मॅनेज करता येतं हे मलाही तेव्हा खरं वाटत होतं.

आम्ही काय काय नेलं ते सांगते म्हणजे आमची अक्कल कळेल. दोन मोठी पातेली पोहे, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्यांचे चार बॉक्स आणि जुन्या कपड्यांची तीन गाठोडी. कपड्यांत माझी एक जरीची साडी होती, कधी नेसले नव्हते म्हणून दिलेली. फाटकाशीच एक आजी भेटल्या. नऊवारीसारखा वर खोचलेला गाऊन, हातात धान्य पाखडायचं प्लॅस्टिकचं तुटकं सूप, त्याने चिखल ओढत होत्या. मी म्हटलं, "आजी, पोहे घ्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई गं, हे तिसरे पोहे सकाळपासून. खराटा आहे का तुझ्याकडे?"

खराटा नव्हता. वीस माणसांत एक खराटा नव्हता.

मग मी रिक्षा करून गेले. जवळच्या दुकानांत खराटे, फावडी, घमेली सगळं संपलेलं. अख्ख्या सिंहगड रस्त्याने तेच विकत घेतलेलं असणार. शेवटी मंडईजवळ मिळाले. बारा खराटे, सहा फावडी, दहा घमेली, फरशीवरचं पाणी ओढायचे मोठे वायपर आणि रबरी हातमोजे. दुकानदाराने विचारलं, "पुराला का?" आणि घमेल्यांचे पैसे घेतले नाहीत. खराट्यांचे मात्र घेतले. पुणं आहे.

चिखलाबद्दल मला आधी काही माहीत नव्हतं. वाटायचं, चिखल म्हणजे माती आणि पाणी. पुराचा गाळ तसा नसतो. त्यात नदीची बारीक रेती असते, नाल्याचं असतं नसतं ते सगळं असतं, पार्किंगमधल्या गाड्यांचं ऑइल असतं, आणि वासाला ओलं गोणपाट, डिझेल आणि गटार एकत्र. पहिल्या दिवशी तो श्रीखंडासारखा असतो, वायपरने ओढला की सरकतो. दुसऱ्या दिवशी भिजवून ठेवलेल्या कणकेसारखा. ऊन पडलं की वीट. तेव्हा फावड्याने नाही, पहारीने खरवडावा लागतो आणि फरशीच निघते. म्हणून जे काही करायचं ते चिखल ओला असेपर्यंत. हे आम्हाला दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी सांगितलं. त्यांचं बालपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलेलं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. "लोक भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवतात," ते म्हणाले. "रेघ चुन्याखाली जाते हो. वास जात नाही. आमच्या माजघरातून पुढची कित्येक वर्षं पाऊस आला की तो वास यायचा." त्या पुरानंतर त्यांच्या ओळखीची काही घरं गोखलेनगरच्या वसाहतीत गेली ती कायमची. आजोबा स्वतः खाली उतरत नव्हते, गुडघे दुखत होते. पण जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून वरून हुकूम सोडत होते, आणि बहुतेक हुकूम बरोबर असत.

त्यांचा पहिला हुकूम होता, "आतून बाहेर." आम्ही उत्साहाने फाटकापासून सुरुवात केली होती. अर्धा तास रस्ता साफ केला, मग घरातला चिखल त्याच रस्त्यावर आला. आधी आतली खोली, मग बाहेरची, मग पार्किंग, मग रस्ता. आणि गटाराच्या जाळीत ढकलायचा नाही. ढकलला की चेंबर तुंबतं आणि संध्याकाळी तेच पाणी संडासातून वर येतं. हे आजोबांनी सांगितलं नाही, हे आम्ही करून पाहिलं.

मग साखळी लावली. आत दोघं फावड्यावर, बारा जण घमेल्यांच्या रांगेत, शेवटचा टिपरजवळ, म्हणजे कचऱ्याच्या ट्रकजवळ. भरलेलं घमेलं पहिल्या तासाला हलकं वाटतं. तिसऱ्या तासाला कोण किती भरतंय यावरून भांडणं होतात. लेकीच्या वर्गातला एक दांडगा मुलगा जिमला जाणारा, तो सर्वांत आधी बसला. एक किडकिडीत मुलगी होती, जालन्याकडची, ती शेवटपर्यंत त्याच लयीत घमेलं पुढे देत राहिली. नंतर म्हणाली, घरी विहिरीचं खोदकाम झालं तेव्हा हेच केलेलं.

विजेचं आम्ही सुदैवाने नीट केलं, कारण भीती ताजी होती. त्याच पुराच्या रात्री डेक्कनला पुलाच्या वाडीत खाण्याची हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले होते. त्यामुळे मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही, वायरमन येऊन बघेल मगच, हे कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. गाड्यांचं मात्र सांगूनही लोक ऐकत नव्हते. इंजिनात पाणी शिरलेली गाडी चालू करून बघायचा मोह आवरत नाही. एका काकांनी किल्ली फिरवली, आतून एक आवाज आला आणि त्यांचा चेहरा असा झाला की आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो. गाडी टो करून न्यायची, किल्ली लावायची नाही. एवढं एक वाक्य कुणी मोठ्या कागदावर लिहून पार्किंगमध्ये चिकटवलं असतं तर पुष्कळांचे पैसे वाचले असते.

आता ते सांगते जे सांगायला मला आवडत नाही.

खराटा मागणाऱ्या आजींचं घर तळमजल्यावर होतं. पाणी छातीएवढं चढलेलं. त्या एकट्याच राहतात. दुपारी त्यांना चक्कर आली म्हणून लेक त्यांना वरच्या मजल्यावर आजोबांकडे घेऊन गेली आणि मी म्हटलं, तुम्ही निवांत पडा, आम्ही घर मोकळं करतो. मोकळं करणं यात मी पटाईत आहे. आमच्या घरातला माळा दर दिवाळीला मीच रिकामा करते. गाद्या पाण्याने इतक्या जड झाल्या होत्या की चार जणांनाही उचलेनात, शेवटी सुरीने फाडून तुकडे केले. प्लायवूडचं कपाट फुगून बसलेलं, खण उघडत नव्हते, ते फोडलं. फ्रिज न उघडता दार चिकटपट्टीने बंद करून तसाच बाहेर काढला, हेही आजोबांचंच सांगणं. आणि मोरीजवळ एक गंजका पत्र्याचा डबा होता, बिस्किटांचा जुना, आत काळा लगदा. तो मी उचलला आणि ढिगावर भिरकावला. अगदी सहज. हात वर करून.

साडेचारला आजी खाली आल्या. रिकामं घर पाहून पहिल्यांदा हसल्या. मग मोरीकडे बघून म्हणाल्या, "इथला डबा?"

त्यात त्यांच्या लग्नाचे फोटो होते, यजमानांच्या पेन्शनची कागदं होती आणि एका मुलीच्या बारशाचा फोटो होता जी मुलगी आता नाही. आजी रडल्या नाहीत. त्या "असू दे" म्हणाल्या. ते "असू दे" मला अजून ऐकू येतं.

टिपर भरून निघालेला. मी पळत गेले. ड्रायव्हरला थांबवलं, मागे चढले. सफाईचे दोन कर्मचारी होते, सकाळी सहापासून कामावर, कालही होते, परवाही. त्यांच्यातले एक दादा काही न बोलता वर आले आणि आम्ही दोघांनी तो ढीग हाताने उपसला. ओल्या उशा, डायपर, कुणाची तरी गाईडं, मायक्रोवेव्ह, सडलेले बटाटे. सव्वा तास लागला. डबा सापडला तेव्हा दादा म्हणाले, "ताई, पुराच्या घरातलं काही टाकायचं झालं ना, तर आधी मालकाला दाखवायचं. आम्ही पण विचारतो. कचरा आमचाच धंदा आहे, तरी विचारतो." त्यांनी हे ओरडून म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

फोटो एकमेकांना चिकटून वडी झाली होती. ओढून सुटे करायला गेलं की चेहरे दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून जातात. आम्ही टबात स्वच्छ पाणी घेतलं, वडी त्यात तशीच ठेवली आणि वाट पाहिली. गाळ सुटत गेला तसतसं पाणी बदललं. एकेक फोटो आपोआप सुटायला लागला. चेहऱ्यांना बोट न लावता, कडेला धरून, कोरड्या कापडावर चित्राची बाजू वर ठेवून, पंख्याखाली. वरच्या मजल्यावर वीज तेवढी होती. बावीसपैकी चौदा वाचले. बारशाचा वाचला, पण पाळण्याचा भाग गेला, माणसांचा राहिला. पेन्शनची कागदं वर्तमानपत्राच्या थरांत घालून दाबून ठेवली.

रविवारपासून अंगणात तीन चटया टाकल्या. एकीवर ठेवायचं, दुसरीवर द्यायचं, तिसरीवर विचारायचं. विचारायच्या चटईवर सगळ्यांत मोठा ढीग झाला आणि कामाचा वेग निम्म्यावर आला. मुलं कंटाळली. एक जण म्हणाला, "काकू, असं केलं तर महिना लागेल." लागू दे म्हटलं. एका घरातल्या बाईंनी चिखलाने भरलेली दोन पायपुसणी ठेवून घेतली आणि नवाकोरा मिक्सर टाकून दिला. कारण विचारलं नाही.

जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांचं काय झालं तेही सांगते. कुणीही घेतली नाहीत. पूर आला म्हणून माणसाला दुसऱ्याच्या उसवलेल्या पॅंटी चालत नाहीत. लोकांनी आणलेल्या कपड्यांचा ढीग कोपऱ्यात पावसात भिजत राहिला आणि शेवटी त्याच टिपरमध्ये गेला, माझ्या जरीच्या साडीसकट. लोकांना हवं होतं ते वेगळंच होतं. नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, टॉर्च, गमबूट, फिनेल, मोठ्या काळ्या पिशव्या, आणि मोबाइल चार्ज करून आणून देणारं कुणीतरी. आणि पाणी. पुरानंतर पहिली टंचाई पाण्याचीच होते, हे कुणाला सांगितलं तर विनोद वाटतो. जमिनीखालच्या टाक्यांत नदी शिरलेली. त्या टाक्या साफ करायला आमची पोरं उतरायला निघाली होती, ती आजोबांनी जिन्यावरून अशी काही ओरडून थांबवली की बिल्डिंग हादरली. बंद टाकीत गॅस साठलेला असतो. हे काम माहीतगारांचं. ते आले, पंपाने पाणी उपसलं, झाकण बराच वेळ उघडं ठेवलं, दोर बांधून एक जण उतरला आणि वर दोघं लक्ष ठेवून उभे. गाळ काढून भिंती घासल्या, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतल्या, ते पाणीही उपसून टाकलं, मग टॅंकर.

सोमवारपासून सगळं पातळ झालं. रविवारी आम्ही शंभरेक स्वयंसेवक असू, निरनिराळ्या ग्रुपचे टीशर्ट, फोटो, घोषणा. सोमवारी संध्याकाळी बँकेतून गेले तर चार. मी लोकांना नावं ठेवत नाही, मीही मंगळवारी गेले नव्हते. पण खरी कामं सोमवारीच सुरू झाली होती, आणि ती बसून करायची होती. पंचनाम्याची. ज्यांनी शुक्रवारीच घर लख्ख करून टाकलं होतं त्यांना पाहणीला आलेल्यांनी विचारलं, नुकसान कुठे दिसतंय? तेव्हा त्या माणसांचं तोंड बघवत नव्हतं. साफ करण्याआधी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक वस्तूचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढायला हवेत, हे आम्ही उत्साही मंडळींनी पहिल्याच मिनिटाला सांगायला हवं होतं. आम्ही पोहे वाटत होतो. मग मी बुधवारी, गुरुवारी तेवढंच केलं. टेबल टाकून बसले, अर्ज भरले, झेरॉक्स लावल्या, भिजलेल्या पासबुकांवरचे नंबर उजेडात धरून वाचले. बावीस वर्षांच्या नोकरीचा एवढा थेट उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

पायाला काच लागली होती ती त्याच आठवड्यात लक्षात आली. वैद्यकीय शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका सांगितला, गोळ्या दिल्या आणि चपला घालून चिखलात उतरल्याबद्दल मुलांसमोर झापलं. लेकीने तो प्रसंग घरी तीनदा रंगवून सांगितला.

4 ऑगस्टला रविवार होता आणि दीप अमावास्या. सकाळी गेले तर आजी ओट्यापाशी दिवे घासत बसलेल्या. समया, निरांजनं, एक लामणदिवा. गाळ पितळेच्या नक्षीत जाऊन बसला होता, चिंचेने निघत नव्हता, म्हणून त्या काडीने एकेक रेघ उकरत होत्या. घरात नव्या चुन्याचा वास होता. कॉट एक शेजाऱ्यांनी दिलेली, शेगडी आमच्या ग्रुपमधून. मी बसून दोन निरांजनं घासली. बाहेर पाऊस होताच.

नंतर बातमी आली, विसर्ग पुन्हा वाढवतायत. या वेळी भोंगा वाजला, गाड्या फिरल्या, लष्कर वेळेवर आलं. दहा दिवसांत दुसऱ्यांदा. लोक ओरडले नाहीत, धावले नाहीत. सवय झाल्यासारखे सामान वर चढवायला लागले, ते बघून मला पहिल्या पुरापेक्षा जास्त वाईट वाटलं. आम्ही आजींची कॉट उभी केली, गॅस वर नेला, डबा आधी नेला. आजींनी घासलेल्या समया पदरात घेतल्या आणि आजोबांच्या घरी मांडल्या. संध्याकाळी तिथेच त्यांनी पूजा केली. कणकेचे दिवे करायला वेळ मिळाला नव्हता. खाली अंधारात पाणी फाटकातून आत येताना दिसत होतं.

10 ऑगस्टला दुसरा शनिवार. मी परत गेले. या खेपेला चिखल पातळ होता आणि कमी. पहिल्याच दिवशी सोसायटीतल्या लोकांनीच ओढून टाकलेला, फोटो काढून मग. अंगणात तीन चटया आधीच टाकलेल्या होत्या. आम्हाला करायला फारसं काही उरलं नव्हतं. चहा प्यायलो. निघताना मी म्हटलं, "आजी, खराटे घेऊन जाते, तुम्हाला अडचण नको."

"एक ठेव," त्या म्हणाल्या. "दाराआड. अजून गणपती यायचेत."